दोघी जावांच्या गळ्यातील गाठी आणि घरातले मीठ: सोलापूरमधील एक प्रकरण अभ्यास

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, टॉवेलचे यंत्रमाग दिवसरात्र चालणाऱ्या वस्तीत नऊ माणसांचे एक एकत्र कुटुंब राहते. सासूबाई, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, थोरलीचा मुलगा आणि त्याची पत्नी, आणि धाकटीची दोन मुले, त्यांपैकी मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा. सर्वांचा स्वयंपाक एकत्र होतो. हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. वेगवेगळ्या घरांत आढळणाऱ्या गोष्टी एका घरात आणून हे प्रकरण रचले आहे. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र रोजचा आहे: आयोडीनच्या मिठामुळे थायरॉईडचा कर्करोग होतो का?

धाकट्या जावेला, वय 37, गळ्याच्या पुढच्या बाजूला गाठ जाणवू लागली आणि तपासणीत ती पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगाची निघाली. गाठ 2.6 सेंटिमीटरची होती आणि मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत आजार पोहोचला होता. संपूर्ण थायरॉईड काढण्याची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस देण्याचे ठरले. त्या डोसाआधी दोन आठवडे पाळायच्या पथ्याचा कागद तिला मिळाला, ज्यात आयोडीनयुक्त मीठ, समुद्री मासे, अंड्याचा बलक आणि दुधाचे पदार्थ बंद करण्यास सांगितले होते. पथ्य कधी सुरू करायचे हे त्यावर होते, ते कधी संपते हे मात्र लिहिलेले नव्हते.

डोस झाला, धाकटी घरी आली, दूध आणि अंडी हळूहळू परत सुरू झाली; मिठाचे पथ्य तेवढे राहिले. त्यामागचा तर्क सासूबाईंनी मांडला आणि तो घरात कोणाला खोडता आला नाही. ज्या आजारात डॉक्टर आयोडीनचे मीठ बंद करायला लावतात तो आजार त्या मिठानेच झाला असणार, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच चुलीवर दोन मिठे ठेवणे अडचणीचे, म्हणून सगळ्या घरासाठी उपवासाचे शेंदेलोण येऊ लागले. आमटी, भाकरीचे पीठ, शेंगाची चटणी, लोणचे, सगळ्यात तेच पडू लागले.

असे सव्वा वर्ष गेले. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास भागात महिलांसाठी आरोग्य तपासणीचे शिबिर झाले, त्यात थोरल्या जावेच्या, वय 49, गळ्याची सोनोग्राफी करण्यात आली आणि उजव्या बाजूला 9 मिलिमीटरची गाठ दिसली. तिला गळ्याची कसलीही तक्रार नव्हती. अहवाल हातात पडल्यावर घरात जे घडले ते सांगायला नको. थोरली माझ्याकडे सल्ल्यासाठी आली तेव्हा सासूबाई आणि थोरलीची सून बरोबर होत्या. सासूबाईंचा प्रश्न थेट होता: “डॉक्टरसाहेब, या दोघी दोन वेगळ्या घरांतून आल्या. मग दोघींना गळ्याचंच कसं काय? आमच्या घरात मिठाशिवाय असं काय आहे?” थोरलीला दुसरीच चिंता होती. गाठ आत्ताच काढून टाकावी म्हणजे पुढे धाकटीसारखे होणार नाही, असे तिने मनाशी जवळजवळ ठरवलेले होते. सून नऊ आठवड्यांची गरोदर होती हे बोलण्याच्या ओघात, अगदी शेवटी कळले.

सासूबाईंचे निरीक्षण चुकीचे नव्हते, आणि ते हसण्यावारी नेणे योग्य झाले नसते. जावांमध्ये रक्ताचे नाते नसते, त्यामुळे दोघींना एकाच अवयवाचा त्रास झाला तर आनुवंशिकता बाजूला पडते आणि दोघींनी वाटून घेतलेल्या गोष्टींकडे, म्हणजे पाणी, अन्न आणि घर यांच्याकडे नजर जाते. असा विचार साथरोगशास्त्रातही करतात. फक्त त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे दोघींना झालेले खरोखर एकच आहे का. इथे ते तसे नव्हते. धाकटीची गाठ तिला स्वतःला जाणवली होती आणि ती कर्करोगाची होती; थोरलीची गाठ शोधायला गेल्यामुळे सापडली होती आणि ती कर्करोगाची असल्याचे काहीच लक्षण नव्हते. सोनोग्राफीने पाहिले तर पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांमध्ये थायरॉईडच्या गाठी फार मोठ्या प्रमाणात दिसतात आणि त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असतात. त्याच शिबिरात शेजारच्या घरांतील आणखी काही बायकांच्या अहवालांत असेच काही निघाले असणार, पण त्यांच्या घरात धाकटी नव्हती, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहिले नसणार.

थोरलीचे टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारे संप्रेरक, 2.6 होते, म्हणजे सामान्य. सोनोग्राफी नीट पुन्हा केली तेव्हा गाठ कडेने गुळगुळीत, रुंदीला उंचीपेक्षा जास्त, आत कॅल्शियमचे ठिपके नसलेली आणि थायरॉईडच्या इतर भागाइतकीच उजळ दिसली. गाठींची जोखीम ठरवण्याची जी टायरॅड्स पद्धत वापरतात, तिच्या अमेरिकन श्रेणीत ही तिसऱ्या गटातली गाठ. या गटात सुईने पेशी काढून तपासण्याची शिफारस गाठ 2.5 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तरच असते. सर्वाधिक संशयास्पद अशा पाचव्या गटातही ती मर्यादा 1 सेंटिमीटरची आहे. थोरलीला सुई टोचण्याचे कारण नव्हते, मग शस्त्रक्रियेचा तर प्रश्नच नव्हता.

आता आयोडीन. थायरॉईड ग्रंथी जे संप्रेरक बनवते त्याचा आयोडीन हा घटक आहे, त्याच्याशिवाय ते बनूच शकत नाही. आयोडीन कमी पडले की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जास्त टीएसएच सोडते, आणि टीएसएच थायरॉईडच्या पेशींना कामाबरोबर वाढायलाही भाग पाडते. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की गलगंड होतो, ग्रंथीत गाठी तयार होतात. प्रयोगातील उंदरांना दीर्घकाळ आयोडीनशिवाय ठेवले तर त्यांच्यात फॉलिक्युलर प्रकारच्या गाठी आणि कर्करोग आढळतात. म्हणजे आयोडीन आणि कर्करोग यांचा प्राण्यांमधला सर्वांत जुना आणि ठोस दुवा कमतरतेच्या बाजूचा आहे, ही गोष्ट सासूबाईंच्या समजुतीच्या अगदी उलट आहे.

तरीही मिठाविषयीच्या संशयाला आधार देणारे एक खरे निरीक्षण आहे आणि ते लपवून समजूत घालणे मला पटत नाही. ज्या प्रदेशांत पूर्वी आयोडीनची कमतरता होती आणि नंतर मिठात आयोडीन घालण्यात आले, उदाहरणार्थ ऑस्ट्रिया किंवा अर्जेंटिनाचा साल्टा प्रांत (दोन्हीकडे हे 1963 मध्ये सुरू झाले), त्या प्रदेशांत पुढच्या काळात थायरॉईड कर्करोगांपैकी पॅपिलरी प्रकाराचे प्रमाण वाढले आणि फॉलिक्युलरचे तुलनेने घटले. धाकटीला झालेला प्रकार पॅपिलरीच. एवढेच वाचले तर मिठाने कर्करोग आणला असे वाटेल. पण येथे बदललेली गोष्ट मुख्यतः प्रकारांचे आपसातील प्रमाण आहे. कमतरतेच्या प्रदेशांत फॉलिक्युलर आणि अॅनाप्लास्टिक हे प्रकार तुलनेने जास्त आढळतात, आणि अॅनाप्लास्टिक हा मनुष्याला होणाऱ्या सर्वांत घातक कर्करोगांपैकी एक आहे. पॅपिलरी या सर्वांत सौम्य. योग्य उपचार झालेल्या बहुसंख्य रुग्णांचे आयुष्य त्याने कमी होत नाही. आयोडीन पुरेसे झाल्यावर जे चित्र सरकते ते कमी घातक बाजूकडे सरकते.

एकूण रुग्णसंख्या वाढली त्याचे काय, हा पुढचा प्रश्न. 2020 मध्ये जगभरात थायरॉईड कर्करोगाचे सुमारे 5,86,000 नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे 44,000 मृत्यू झाले. रुग्ण वाढतात आणि मृत्यू त्या मानाने हलत नाहीत, हे या आजाराचे वैशिष्ट्य अनेक देशांत दिसते. मिठावरचा आरोप तपासायला मला अमेरिकेचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लघवीतील आयोडीनची मध्यक पातळी लिटरला सुमारे 320 मायक्रोग्रॅम होती, ती 1988 ते 1994 या काळातील पाहणीत सुमारे 145 वर आली, म्हणजे निम्म्याहून खाली. थायरॉईड कर्करोगाचे निदान मात्र 1975 मधील दर लाखामागे सुमारे 5 वरून 2009 मध्ये सुमारे 14 वर गेले, जवळजवळ तिप्पट. आयोडीन घटत असताना निदान वाढले, आणि मृत्युदर दर लाखामागे साधारण अर्ध्यावर तसाच राहिला. आयोडीन हे कारण असते तर हे दोन आकडे विरुद्ध दिशांना गेले नसते.

निदान का वाढले, याचे उत्तर दक्षिण कोरियाने सर्वांत स्पष्ट दिले. तिथे 1999 मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला; थायरॉईडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण थोडे जास्त पैसे भरून ती बरोबरच करून घेण्याची पद्धत पडली. 2011 मध्ये थायरॉईड कर्करोगाचे निदान 1993 च्या तुलनेत पंधरा पट झाले. मृत्यू तेवढेच राहिले. 2014 मध्ये तिथल्याच डॉक्टरांच्या एका गटाने या तपासण्यांविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, तपासण्या घटल्या आणि त्याबरोबर शस्त्रक्रियाही झपाट्याने घटल्या. इतके लहान कर्करोग लोकांच्या गळ्यात येतात कुठून, याचेही उत्तर जुने आहे: फिनलंडमध्ये 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर कारणांनी मरण पावलेल्या 101 व्यक्तींच्या थायरॉईडचे बारीक छेद तपासले तेव्हा 36 जणांत पॅपिलरी कर्करोगाचे सूक्ष्म ठिपके सापडले, ज्यांचा त्यांना आयुष्यात पत्ताही लागला नव्हता. आपल्याकडे केरळमधील वाढीचा मोठा भागही अशा शोधाशोधीशी जोडला गेला आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटाने 2017 मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांची थायरॉईड कर्करोगासाठी चाळणी तपासणी करू नये, अशी स्पष्ट शिफारस केली. शिबिरात रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासणे वेगळे आणि निरोगी बाईच्या गळ्यावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवणे वेगळे. पहिल्याने उपचार सुरू होतो, दुसऱ्याने बहुतेक वेळा फक्त रुग्ण तयार होतो.

अतिरेकी आयोडीनचा प्रश्न तरीही उरतो, कारण जपान आणि कोरियात समुद्री शेवाळ रोज खाल्ले जाते आणि जपानमध्ये आयोडीनचे दैनिक सेवन 1,000 ते 3,000 मायक्रोग्रॅमपर्यंत जाते असा अंदाज आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानच्या एका मोठ्या अभ्यासात, जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्या, पाळी बंद झालेल्या स्त्रियांमध्ये पॅपिलरी कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. त्याआधी 2001 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील स्त्रियांच्या अभ्यासात आहारातील आयोडीन जास्त असणाऱ्यांमध्ये तो धोका उलट कमी दिसला होता. आयोडीनचा अतिरेक थायरॉईडला त्रास देतो हे खरे आहे. संप्रेरक एकदम वाढणे किंवा ग्रंथीला स्वप्रतिकारक दाह होणे हे परिणाम चांगले माहीत आहेत. कर्करोगाबाबत मात्र अतिरेकाचा पुरावा असा परस्परविरोधी आहे, आणि तो आहे तोही सोलापुरात कोणी खात नाही अशा प्रमाणातल्या आयोडीनबद्दल आहे.

हे कुटुंब किती खात होते, ते मोजता येण्यासारखे होते. शेंदेलोण येण्याआधी घरात महिन्याला किलोच्या तीन पुड्या लागत. नऊ माणसांत वाटले तर माणशी रोज 11 ग्रॅम होतात, जे रक्तदाबाच्या दृष्टीने ठरवलेल्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे, पण त्याकडे नंतर वळू. भारतात आयोडीनयुक्त मिठात उत्पादनाच्या ठिकाणी दशलक्ष भागांत 30 भागांपर्यंत आणि ग्राहकाच्या हाती किमान 15 भाग आयोडीन असावे असा नियम आहे. 15 भाग म्हणजे एका ग्रॅममध्ये 15 मायक्रोग्रॅम. या हिशोबाने माणशी रोज किमान 165 मायक्रोग्रॅम येतात, शिजवताना पाचवा भाग उडून गेला असे धरले तर साधारण 130 उरतात. पुडीत पूर्ण 30 भाग असले आणि काहीच उडाले नाही तरी आकडा 330 वर थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांना 150, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 120 आणि गरोदर स्त्रीला 250 मायक्रोग्रॅम अशी आहे. वरची सुरक्षित मर्यादा युरोपात 600 तर अमेरिकेत 1,100 धरतात. उजनीचे मासे गोड्या पाण्यातले, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे मिठाखेरीज या घरात आयोडीन यायचे ते मुख्यतः दूध आणि थोड्याफार अंड्यांतून. आयोडीनचा खरा मोठा डोस शहरी माणसाला मिळतो तो औषधांतून: हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या अमिओडॅरोनच्या 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असते, आणि सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या द्रवातील आयोडीन ग्रॅममध्ये मोजावे लागते. यांपैकी काहीही घरातील कोणाला दिलेले नव्हते.

वस्तीत काम करणाऱ्या आशाताईंनी, म्हणजे आशा आरोग्यसेविकेने, त्यांच्याजवळच्या मीठ तपासणीच्या किटमधील थेंब घरच्या शेंदेलोणावर टाकले. रंग बदलला नाही. शेजारणीकडच्या पुडीतील मीठ लगेच जांभळे झाले. एवढ्या प्रयोगाने सासूबाईंना जितके पटले तितके माझ्या बोलण्याने पटले नव्हते.

मग डॉक्टरांनी धाकटीला ते मीठ बंद का करायला लावले? शस्त्रक्रियेनंतर थायरॉईडच्या ज्या थोड्या पेशी मागे राहतात, त्या किरणोत्सारी आयोडीन शोषून घेतात आणि त्या किरणांनी मरतात. शरीरात साधे आयोडीन भरपूर असेल तर त्या पेशी आधीच तृप्त असतात आणि औषधाचा आयोडीन फारसा घेत नाहीत. म्हणून एक ते दोन आठवडे त्यांना आयोडीनसाठी भुकेले ठेवतात, डोस लागू पडावा म्हणून. आजाराच्या कारणाशी या पथ्याचा काही संबंध नाही आणि डोस झाल्यावर सांगितलेल्या मुदतीनंतर ते संपते. किरणोत्सारी आयोडीन आणि मिठातले आयोडीन यांची गल्लत घरात आधीपासून होतीच. थोरल्या मुलाने कुठेतरी चेर्नोबिलबद्दल ऐकले होते. 26 एप्रिल 1986 च्या त्या अपघातानंतर परिसरातील मुलांना थायरॉईड कर्करोग झाला हे खरे, पण तो आयोडीन-131 च्या किरणोत्सारामुळे, आणि पुढील अभ्यासात असे दिसले की साध्या आयोडीनची कमतरता असलेल्या भागांतील मुलांना तो धोका सुमारे तिप्पट होता. भुकेली ग्रंथी किरणोत्सारी आयोडीन जास्त ओढते. उपचारात ज्याचा फायदा घेतात त्याचाच तिथे घात झाला.

या सगळ्या घरात शेंदेलोणाने ज्या एका व्यक्तीचे काहीच बिघडत नव्हते ती धाकटी होती. तिला थायरॉईडच उरलेली नाही. संप्रेरक ती गोळीतून घेते आणि त्या लेव्होथायरॉक्सिनच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आयोडीनच असतो. तोटा होत होता तो तिच्या दोन मुलांचा, आणि सर्वांत जास्त थोरलीच्या सुनेचा. गर्भाची स्वतःची थायरॉईड साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते, तोपर्यंत बाळाचा मेंदू आईच्या संप्रेरकावर अवलंबून असतो, आणि ही मुलगी नवव्या आठवड्यात होती. तिचे टीएसएच 2.8 आले, म्हणजे काळजी करण्यासारखे नव्हते. लघवीतील आयोडीन एकदा तपासून एका व्यक्तीबद्दल काही सांगता येत नाही, ती चाचणी समूहासाठी असते, म्हणून ती केली नाही. त्याच आठवड्यात आयोडीनयुक्त मीठ सुरू केले आणि बाळंतपणाची नोंदणी असलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने 150 मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली गर्भारपणाची गोळी दिली गेली.

थोरलीची गाठ सव्वा वर्षाच्या शेंदेलोणामुळे झाली का, असे तिच्या मुलाने नंतर विचारले. एका मिठावरचा आरोप काढून तो दुसऱ्यावर ठेवायला मी तयार नव्हतो. 9 मिलिमीटरची गाठ किती वर्षांपासून आहे हे सांगता येत नाही, तिच्या वयात अशा गाठी कारणाशिवायही आढळतात, आणि कमतरतेने गाठी व्हायला बहुधा याहून पुष्कळ जास्त काळ लागतो. वर्षभराने सोनोग्राफी पुन्हा केली तेव्हा गाठ 10 मिलिमीटर मोजली गेली. एका मिलिमीटरचा फरक मोजण्यातही पडतो. गाठ खरोखर वाढली असे म्हणायला किमान दोन मापांत 20 टक्के आणि 2 मिलिमीटरची वाढ लागते. शस्त्रक्रियेचा विषय तिने स्वतःच सोडून दिला होता. धाकटीच्या मुलीची सोनोग्राफी करून घ्यावी असा आग्रह मात्र घरात चालू राहिला. आई आणि मुलगी यांचे नाते रक्ताचे आहे हे खरे, पण कुटुंबात एकाच व्यक्तीला पॅपिलरी कर्करोग असेल तर बहुतेक वेळा तो आनुवंशिक नसतो. दरवर्षी हाताने गळा तपासणे पुरेसे आहे, असे ठरले.

राहिला तो 11 ग्रॅमचा आकडा. थोरलीचा आणि सासूबाईंचा रक्तदाब वाढलेला होता आणि जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा माणशी रोज 5 ग्रॅमची आहे. पण 5 ग्रॅम मिठात 15 भागांच्या हिशोबाने 75 मायक्रोग्रॅमच आयोडीन येते. 30 भागांचे मीठ असेल तरच ते 150 होते. आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त खा, असे कोणत्याही डॉक्टरने सांगू नये, आणि मीठ कमी करताना आयोडीनचा विचारच करू नये हेही बरोबर नाही. या घरात असे ठरले की पुडी उत्पादनाची तारीख पाहून ताजी घ्यायची, डबा घट्ट झाकणाचा आणि चुलीपासून दूर ठेवायचा, कारण ओल आणि उष्णतेने आयोडीन उडते. मीठ पदार्थ उतरवताना घालायचे. आणि आधी ताटातले वरचे मीठ, मग लोणचे, मग शेंगाच्या चटणीतले मीठ या क्रमाने कमी करत जायचे. चटणीवर वाद झाला. सासूबाईंनी लोणचे सोडले, चटणीचे मीठ निम्मे करायला त्या अजून तयार नाहीत, आणि महिन्याच्या तीन पुड्यांची सध्या दोन झाली आहे, म्हणजे माणशी सुमारे साडेसात ग्रॅम. सुनेची आयोडीन असलेली गोळी त्यामुळे बाळ अंगावर पीत असेपर्यंत चालू ठेवली आहे. धाकटीला पुढच्या तपासणीसाठी पुन्हा पथ्य लागले, तेव्हा तिच्या भाजीची वाटी वेगळी काढून त्यात शेंदेलोण घातले गेले आणि पथ्याच्या कागदावर तिने स्वतः शेवटची तारीख विचारून लिहून घेतली.